सभागृहामागची माणसं : विधिमंडळ सचिवालयाची ओळख

आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या हातून एक चूक झाली. ती नेमकी कशी झाली हे समजून घेताना मी जे वाचलं, ते या लेखात मांडते आहे. चुकीचं शेवटी सांगेन. आधी विषय.

आमदार, मंत्री, अध्यक्ष हे शब्द आपण रोज ऐकतो. टीव्हीवर सभागृह दिसतं, माईक तुटलेले दिसतात, कागद फाडलेले दिसतात. पण अध्यक्षांच्या आसनाखाली टेबलाशी बसून खाली मान घालून लिहिणारी माणसं कोण, हा प्रश्न मला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. आमच्या चर्चमध्ये मिस्सा सुरू व्हायच्या आधी सॅक्रिस्टन मामा येतात. मेणबत्त्या, वस्त्रं, वाचनाचं पान, माईक सगळं जागेवर लावतात आणि बाजूला होतात. ते एक दिवस आले नाहीत तेव्हा सगळ्यांना कळलं की ते रोज येतात. विधिमंडळाचं सचिवालय हे साधारण असंच आहे.

१. एक नाव, दोन सचिवालयं

पहिला गोंधळ नावाचा. 'सचिवालय' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी कचेरी येते. महाराष्ट्रात तिला मंत्रालय म्हणतात. बंगळूरच्या विधान सौधमध्येही मंत्र्यांची कार्यालयं आहेत आणि त्याच इमारतीत विधानसभाही भरते. त्यामुळे दोन्ही एकच, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही.

सरकारचं सचिवालय मंत्र्यांसाठी काम करतं. विधिमंडळाचं सचिवालय सभागृहासाठी काम करतं, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधी अशा सगळ्या सदस्यांसाठी. त्याचा वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष, मुख्यमंत्री नव्हे. संविधानाचा अनुच्छेद १८७ हेच सांगतो : राज्याच्या विधिमंडळाच्या प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल. दोन सभागृहं असतील तिथे काही पदं सामाईक ठेवायलाही तो मुभा देतो. संसदेसाठी याच धर्तीचा अनुच्छेद ९८ आहे.

आता आपल्या दोन्ही बाजूंची तुलना करू. कर्नाटकात विधानसभेचे सदस्य २२४ आणि विधान परिषदेचे ७५. इथे दोन्ही सभागृहांची सचिवालयं वेगवेगळी आहेत. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य, पण महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय एकच, दोन्ही सभागृहांचं काम बघणारं. दोन्ही पद्धती संविधानाला धरूनच आहेत.

२. वेगळं कशासाठी?

इथे थोडा इतिहास बघावा लागतो. ब्रिटिश काळात दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ होतं, पण त्याची कचेरी सरकारच्याच कायदा विभागाच्या हाताखाली होती. म्हणजे सरकारला अडचणीचा प्रश्न विचारायचा, तर तो प्रश्न आधी सरकारच्याच नोकराच्या टेबलावर जायचा. तो घ्यायचा की नाही, नियमात बसतो की नाही, याचा सल्लाही तोच देणार. आपल्या भाषेत सांगायचं तर परीक्षा देणाऱ्याच्याच हातात प्रश्नपत्रिका काढायचं काम.

१९२५मध्ये विठ्ठलभाई पटेल या सभेचे निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष झाले. सरदार वल्लभभाईंचे हे थोरले बंधू. त्यांनी हा मुद्दा लावून धरला की अध्यक्ष स्वतंत्र असेल तर त्याची कचेरीही स्वतंत्र हवी. सप्टेंबर १९२८मध्ये मोतीलाल नेहरूंनी सभेत तसा ठराव मांडला, तो मंजूर झाला आणि १० जानेवारी १९२९ रोजी सभेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आज लोकसभेचं जे सचिवालय आहे, त्याचं मूळ या तारखेत आहे. पुढे संविधान लिहिताना हाच विचार राज्यांपर्यंत आला.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे भांडण भाषणाच्या अधिकारासाठी नव्हतं. भाषण करता येतच होतं. भांडण होतं ते टेबल कुणाचं, कागद कुणाच्या ताब्यात, यासाठी. बोलणाऱ्याला माईक दिला पण नोंद दुसऱ्याच्या हातात ठेवली, तर बोलणं अर्धंच राहतं, हे त्या लोकांना १९२८ सालीच उमगलं होतं.

३. एका प्रश्नाचा प्रवास

सचिवालय करतं काय? यादी मोठी आहे : प्रश्न, विधेयकं, समित्या, ग्रंथालय, छपाई, भाषांतर, वृत्तान्तलेखन, सुरक्षा, सदस्यांचे वेतन-भत्ते, निवास. सगळं सांगत बसले तर माहितीपुस्तिका होईल. त्यापेक्षा एकच प्रश्न धरून त्याच्या मागे जाऊ.

समजा, औराद तालुक्यातल्या एका गावाची एसटी बंद झाली. (कर्नाटकातली बस आहे, पण आमच्याकडे सगळे एसटीच म्हणतात.) गावकरी आमदारांकडे गेले. आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारायचं ठरवलं. पुढे काय होतं?

एक : आमदार लेखी सूचना देतात. सचिवालयाच्या प्रश्नशाखेत तिच्यावर क्रमांक आणि तारीख पडते. ही नोंद साधी दिसते, पण 'आमच्याकडे काही आलंच नाही' असं नंतर कुणाला म्हणता येत नाही ते तिच्यामुळेच.

दोन : प्रश्न नियमात बसतो का ते तपासलं जातं. प्रश्नात आरोप नको, भाषण नको, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण नको, माहिती विचारलेली हवी. 'परिवहन खातं झोपलं आहे काय?' हा प्रश्न होत नाही. 'अमुक गावची बस अमुक तारखेपासून बंद आहे हे खरं आहे काय, असल्यास कारण काय, ती कधी सुरू होणार?' हा होतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबून बघावं. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मऊ आहे, पण उत्तर द्यायला भाग पाडतं ते दुसरंच. स्वीकारायचा की नाही हा अधिकार अध्यक्षांचा, पण त्यामागची छाननी कर्मचाऱ्यांची.

तीन : प्रश्न तारांकित की अतारांकित? तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर. कन्नडात तारांकिताला 'चुक्के गुरुतिन प्रश्ने' म्हणतात. चुक्के म्हणजे ठिपका, चांदणी. शाळेत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चुकीचा प्रश्न! दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्यांना असे धक्के रोजचेच.

चार : प्रश्न संबंधित खात्याकडे जातो. खातं जिल्ह्याकडे माहिती मागतं. म्हणजे बंगळूरहून निघालेला कागद सुमारे ७०० किलोमीटर लांब बिदरला येतो, इथल्या कचेरीत कुणीतरी जुनं रजिस्टर काढतं, आणि उत्तर परत वर जातं. पुष्कळदा एसटी सुरू होते ती याच टप्प्यावर, असं जाणती मंडळी सांगतात. साहेबाला 'बंद आहे' असं लिहून पाठवण्यापेक्षा बस सोडणं सोपं वाटतं.

पाच : ठरलेल्या दिवशी प्रश्न छापील यादीत येतो. मंत्री उत्तर देतात. उपप्रश्न होतात. मंत्री म्हणतात, 'लवकरच सुरू करू.' हे वाक्य हवेत विरून जाऊ नये म्हणून विधिमंडळात आश्वासन समिती असते. वृत्तान्तातून अशी आश्वासनं वेचून काढायची, यादी करायची आणि पाळली गेली का ते विचारत राहायचं, हे तिचं काम. समिती आमदारांची, पण वेचण्याचं, पत्रं पाठवण्याचं, स्मरणपत्रं पाठवण्याचं काम सचिवालयाचं.

बघा, एका एसटीमागे किती हात आहेत. यातला एकही हात निवडून आलेला नाही, पण निवडून आलेल्याचा शब्द गावापर्यंत पोचतो तो त्यांच्यामुळे.

४. लिहून घेणारा हात

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटला तो प्रतिवेदक. सभागृहातलं बोलणं शब्दशः लिहून घेणारा माणूस. अनेक प्रतिवेदक पाळीपाळीने बसतात. काही मिनिटं लघुलिपीत लिहायचं, उठायचं, आत जाऊन ते पूर्ण लिपीत उतरवायचं, तोवर दुसरा बसलेला. आता ध्वनिमुद्रणही असतं, तरी एकाच वेळी चार जण ओरडत असताना कोण काय म्हणालं हे ओळखायला माणूसच लागतो.

आपल्या अभ्यासक्रमातला चार्ल्स डिकन्स आठवा. विशीत असताना, १८३०च्या दशकात, तो लंडनच्या संसदेत वार्ताहर होता आणि त्यासाठी गर्नी पद्धतीची अवघड लघुलिपी शिकला होता. त्याचा डेव्हिड कॉपरफील्डही हीच लघुलिपी शिकताना मेटाकुटीला येतो. तिथल्या संसदेच्या वृत्तान्ताला आजही हॅन्सर्ड म्हणतात, ते १९व्या शतकाच्या सुरुवातीला ही भाषणं छापणाऱ्या एका छापखानावाल्याच्या नावावरून. वक्त्यांची नावं विसरली गेली, मुद्रकाचं नाव राहिलं.

प्रतिवेदकाचे नियम शिकण्यासारखे आहेत. व्याकरणाची किरकोळ घसरण सुधारता येते, अर्थाला हात लावता येत नाही. सदस्याला आपल्या भाषणाची प्रत तपासायला मिळते, पण तोही बोललेलं फिरवून 'मला असं म्हणायचं होतं' असं नवं घालू शकत नाही. एखादा शब्द असभ्य असेल तर तो काढून टाकायचा आदेश फक्त अध्यक्ष देतात. लिहिणाऱ्याने स्वतःहून गाळायचं नाही.

मताची नोंदही अशीच. अध्यक्ष ठराव मताला टाकतात, आवाजावरून अंदाज घेतात. कुणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली तर कोण बाजूने, कोण विरुद्ध हे मोजून नोंदवावं लागतं. 'सर्वानुमते' हा शब्द खरोखर कुणाचाही विरोध नसेल तेव्हाच लिहायचा. कुणी गप्प बसलं किंवा विरोध करणारं एकटंच होतं, म्हणून तो लिहिता येत नाही.

५. आपल्या भागाची गोष्ट

आता मैलूरकडे येऊ. आमच्या घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी, कॉलेजात इंग्रजी. आजीचं माहेर उदगीर तालुक्यातलं. ती लहान असताना माहेर आणि सासर एकाच बिदर जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य तिघांत वाटलं गेलं. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला (१९७३ पासून त्याचं नाव कर्नाटक), आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. आजी म्हणते, 'मी कुटं बी गेले न्हाई, गावच दुसरीकडं गेलं.'

त्याआधी, १९५२ ते १९५६, आपले प्रतिनिधी हैदराबादच्या विधानसभेत बसत. १७५ सदस्यांची ती सभा. अध्यक्ष काशिनाथराव वैद्य, विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे. सदस्यांच्या मातृभाषा तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू. कुणी हिंदुस्थानीत बोले, कुणी इंग्रजीत, कुणी आपापल्या भाषेत. तिथल्या लिहून घेणाऱ्यांची काय तारांबळ उडत असेल! पण एवढ्या भाषा एका छपराखाली नांदवायच्या, तर त्यांना लिहून घेणारे हातही तेवढेच लागतात, हे त्या चार वर्षांतून शिकता येतं.

आज काय स्थिती आहे? अनुच्छेद २१० म्हणतो की राज्याच्या विधिमंडळाचं कामकाज राज्याच्या राजभाषेत किंवा हिंदी वा इंग्रजीत चालेल. मात्र ज्या सदस्याला यांपैकी कोणत्याच भाषेत स्वतःला पुरेसं व्यक्त करता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची अनुमती देऊ शकतात. बारकाईने वाचा. हा सरसकट हक्क नाही, अनुमती आहे. आणि ती आवडीसाठी नाही, अडचणीसाठी आहे.

समजा, उद्या औराद किंवा बसवकल्याणकडचा एखादा नवा सदस्य उभा राहिला, अनुमती मिळाली आणि तो आपल्या सीमेवरच्या मराठीत बोलला. पुढे काय? ते ऐकून समजणारा, लिहून घेणारा, कन्नडात नेमकं उतरवणारा कुणी टेबलाशी बसलेला हवा. नसेल तर संविधानाने दिलेली सोय त्या टेबलाशी येऊन अडकेल. युरोपीय संसदेत २४ अधिकृत भाषांची व्यवस्था आहे, ती दुभाष्यांच्या आणि अनुवादकांच्या फौजेवर चालते. आपल्या लोकसभेत हिंदी-इंग्रजीची समकालीन दुभाषी सेवा १९६४मध्ये सुरू झाली. म्हणजे नियम १९५०चा असला, तरी कानाला लावायचं यंत्र आणि त्यामागचा माणूस यायला वेळ लागतो.

यावरून भांडण करा असं मी म्हणत नाही. सीमेचं राजकारण हा वेगळा विषय आहे आणि त्याला आवाजाची कमतरता नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण जी मुलं दोन-तीन भाषा एकाच श्वासात बोलतो, ती या कामासाठीच घडल्यासारखी आहोत. भाषा घेऊन काय करणार, असं घरी विचारतात. माझ्या आईनेही विचारलं, 'बी.एड. कर की बाई, हे काय नवीन काढलंस?' प्रतिवेदक, अनुवादक, ग्रंथपाल, संशोधन साहाय्यक ही सगळी भाषेची कामं आहेत. कन्नड लिहिण्या-वाचण्यात मात्र आपण पक्के व्हायला हवं, नुसतं बाजारापुरतं बोलून चालणार नाही. मी या उन्हाळ्यात कन्नड लघुलेखनाच्या वर्गाला नाव घातलं आहे.

विधान सौधच्या दर्शनी भागावर कोरलेलं वाक्य तुम्ही फोटोत पाहिलं असेल : सरकारचं काम हे देवाचं काम. १९५१ ते १९५६ या वर्षांत, मुख्यतः केंगल हनुमंतय्यांच्या काळात, ती इमारत उभी राहिली. मला ते वाक्य मंत्र्यांच्या खोल्यांपेक्षा प्रश्नशाखेतल्या टेबलावर जास्त शोभेल असं वाटतं.

६. आता आपली वही

गेल्या वर्षी मंडळाच्या सभेत एक ठराव आला : ई-मासिकात फक्त प्रमाण मराठीतलं लेखन घ्यावं. चर्चा फार झाली नाही. प्रथम वर्षाची एक मुलगी, औरादकडची, उभी राहिली. ती म्हणाली, 'मग माझ्या आज्जीच्या गोष्टी कुटं लिहायच्या? मला हे नगं.' कुणीतरी हसलं. ती बसली. हात वर करा म्हटलं तेव्हा तिने हात वर केला नाही. इतिवृत्त मी लिहीत होते. घाई होती, पान भरत आलं होतं. मी लिहिलं : 'चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.'

पुढच्या महिन्यात इतिवृत्त वाचून कायम केलं गेलं. तीही बसली होती. काही बोलली नाही. त्यानंतर ती सभेला आली नाही. मला वाटलं, परीक्षा असेल.

हा अभ्यास करताना मतविभागणीचा नियम वाचला आणि मला ते पान आठवलं. मी कुणाचा अपमान करायला लिहिलं नव्हतं. उलट 'सर्वानुमते' छान दिसतं म्हणून लिहिलं. पण त्या एका शब्दाने तिचं बोलणं झालंच नाही असं झालं. विठ्ठलभाई ज्या टेबलासाठी भांडले, ते टेबल माझ्याकडे होतं आणि मी ते असं वापरलं.

मागच्या सभेत मी दुरुस्ती मांडली. जुनी ओळ खोडली नाही, कारण नोंद खोडायची नसते. खाली तारीख घालून लिहिलं : ठराव बहुमताने मंजूर, एका सदस्येचा विरोध, आणि तिचं म्हणणं. त्या पानाचा फोटो तिला पाठवला आणि माफी मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं : 'ताई, मी नगं म्हणले होते. तुम्ही नको लिवलंय.'

तेही दुरुस्त केलं आहे. ठराव येत्या सभेत पुन्हा चर्चेला येणार आहे. ती येईल की नाही, माहीत नाही. आली तर इतिवृत्त तिने लिहावं असं मी सुचवणार आहे.

स्वाध्याय

१. सरकारचं सचिवालय आणि विधिमंडळाचं सचिवालय यांतला फरक तुमच्या घरच्यांना पाच वाक्यांत समजावून सांगा. सांगताना कुठे अडलात ते लिहून ठेवा.

२. तुमच्या गावातली एक अडचण निवडा आणि तिच्यावर तारांकित प्रश्न तयार करा. आरोप नको, विशेषणं नकोत, तीनच उपविभाग हवेत.

३. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं पाच मिनिटांचं बोलणं शब्दशः लिहून घ्या. मग त्यांनाच वाचून दाखवा. त्यांनी सुधारलेले शब्द वेगळ्या रंगात लिहा आणि पुढच्या सभेला घेऊन या.